मूळपणाच्या नावाखाली अंधार नको

जुन्या मोटारींची रॅली निघाली की गर्दी जमते ती बॉनेटभोवती. क्रोमचा बंपर, ग्रिलवरचे बोधचिन्ह, चकचकीत इंजिन यांचे फोटो निघतात आणि मालकही वर्षभर तेवढेच भाग मन लावून घासत असतो. गाडीच्या मागे जाऊन, कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगून, दिवे कसे पेटतात हे बघणारा विरळाच. बघितलेच तर पुष्कळदा लाल काचेआड राखेखालच्या निखाऱ्याएवढा उजेड दिसतो, ब्रेक दाबल्यावर त्यात जेमतेम फरक पडतो आणि उन्हात तर तोही कळत नाही. विचारले की ठरलेले उत्तर मिळते : ‘जुन्या गाडीचे दिवे असेच असायचे.’ हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. मंद टेललाइट हे गाडीच्या वयाचे लक्षण नसून देखभालीतल्या हयगयीचे लक्षण आहे. तो दुरुस्त करण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि त्यासाठी गाडीचे जुने रूप बिघडवावे लागत नाही.

आधी ‘असेच असायचे’ याची शहानिशा करू. 12 व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या मोटारींच्या मागच्या दिव्यात सर्रास दोन तारांचा 21/5 वॅटचा बल्ब असे. पाच वॅटची तार रात्री सतत पेटणाऱ्या टेललाइटची, एकवीस वॅटची ब्रेकची. पूर्ण व्होल्टेज मिळाले तर हा बल्ब टेललाइटसाठी सुमारे 35 लुमेन आणि ब्रेकसाठी सुमारे 440 लुमेन, म्हणजे बारापटीहून जास्त प्रकाश देतो. हाच बल्ब या शतकातल्या कितीतरी नव्या गाड्यांतही बसत आला आहे आणि त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. युरोपातले नियम टेललाइटकडून सरळ मागच्या दिशेने किमान 4 कँडेला आणि ब्रेकलाइटकडून किमान 60 कँडेला मागतात. चांगला परावर्तक आणि स्वच्छ काच यांच्या साथीने हा साधा बल्ब तेवढे काम आरामात करतो. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीची किंवा उत्तरपाड्याच्या अॅम्बेसेडरची काच आजच्या गाड्यांच्या मानाने लहान आहे, हे मान्य. पण लहान असणे वेगळे आणि मंद असणे वेगळे. कारखान्यातून बाहेर पडताना जो दिवा दिसत होता तो आज दिसत नसेल, तर मधल्या वर्षांत काहीतरी हरवले आहे. काय हरवले, हे शोधून काढता येते.

हरवते ते बहुधा व्होल्टेज. तारेच्या बल्बची एक खोड आहे : व्होल्टेज थोडे घटले की प्रकाश त्याच्या कितीतरी पट घटतो. दहा टक्के व्होल्टेज वाटेत गळले तर सुमारे तीस टक्के प्रकाश जातो. ही गळती कुठे होते? बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत, तिथून पायाखालच्या गालिच्यातून डिकीपर्यंत आणि डिकीतून दिव्याच्या होल्डरपर्यंत जाणाऱ्या वायरीचा प्रत्येक जोड हा गळतीची शक्यता असतो. पण सर्वांत मोठा गुन्हेगार परतीच्या वाटेवर असतो. जुन्या गाडीत विजेची परतवाट म्हणजे गाडीचा पत्रा. दिव्याचे घर ज्या स्क्रूने पत्र्याला आवळलेले असते तो स्क्रू, त्याखालचा वॉशर आणि पत्रा यांचा धातूला धातू लागेल असा स्पर्श म्हणजे अर्थिंग. आता चाळीस-पन्नास वर्षांत काय होते ते बघा. रबरी गॅस्केट कडक होऊन चिरते, डिकीत ओल शिरते, स्क्रूखाली तांबूस गंजाचा थर बसतो, होल्डरचे पितळ कळंकून हिरवे पडते आणि बल्बचे बूड दाबून धरणारी स्प्रिंग ढिली होते. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. त्यावर कडी म्हणजे रीस्टोरेशन. गाडी पुन्हा रंगवताना अर्थिंगच्या जागेवरही प्रायमर आणि रंगाचे थर चढतात आणि स्क्रू त्यावरच आवळला जातो. लाखो रुपये खर्चून नवीकोरी दिसणारी गाडी कधीकधी अंगणात पडून राहिलेल्या गाडीपेक्षा मंद दिवे दाखवते, ती यामुळे.

हा दोष स्वतःच चुगली करतो. ब्रेक दाबल्यावर टेललाइट उजळण्याऐवजी मंदावला, किंवा इंडिकेटर लावल्यावर त्याच बाजूचा ब्रेकलाइट लुकलुकू लागला, तर अर्थिंग गेले असे बेलाशक समजावे. नेहमीची परतवाट बंद झाली की वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढते आणि दोन्ही दिवे अर्धेमुर्धे पेटतात. कुठलाही वायरमन साध्या मल्टिमीटरने हे पाच मिनिटांत पकडतो. दिवे चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरे होल्डरच्या पितळी अंगाला लावायचे. काटा जवळपास शून्यावर राहिला पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाट तुंबली आहे. मग पॉलिश पेपरने पत्रा उघडा करणे, वॉशर बदलणे, होल्डर घासणे आणि हवे तर दिव्यापासून चासीपर्यंत अर्थची एक स्वतंत्र वायर टाकणे एवढेच काम उरते. 6 व्होल्टच्या गाड्यांत हे काम आणखी निकडीचे आहे. अर्धा ओहम एवढा क्षुल्लक अडथळा 12 व्होल्टच्या ब्रेकलाइटचा सुमारे पाचवा हिस्सा प्रकाश खातो. 6 व्होल्टवर तेवढ्याच वॅटच्या बल्बला दुप्पट करंट लागतो, त्यामुळे तोच अडथळा निम्म्याहून बराच जास्त प्रकाश गिळतो. ‘सहा व्होल्टची गाडी, दिवे मंदच असणार’ म्हणून जी बदनामी होते, तिच्यातला मोठा वाटा गंजाचा असतो.

वीज नीट पोहोचल्यावरही प्रकाश बाहेर पडायला दोन अडथळे राहतात. पहिला बल्बमागचा परावर्तक. त्याचा चंदेरी मुलामा उडाला की आतले काळपट लोखंड किंवा पिवळे प्लास्टिक उरते आणि मागे-बाजूला गेलेला प्रकाश तिथेच शोषला जातो. पुन्हा मुलामा करून घेणे उत्तम. ते जमत नसेल तर चांगला चंदेरी किंवा शुभ्र पांढरा रंगही पुष्कळ काम भागवतो. दुसरा अडथळा लाल काचेचा, जी बहुधा अॅक्रिलिकची असते. आतून धुळीचा आणि वंगणाच्या वाफेचा पापुद्रा, बाहेरून उन्हाने आलेली मुरमुरीत पांढुरकी झाक. साबणाचे कोमट पाणी आणि सौम्य पॉलिश यांनी यातले बरेच जाते. काच नारिंगी-गुलाबी पडली असेल तर मात्र ती बदलावीच लागते, कारण तिच्यातून येणारा रंग मागच्याला ‘थांब’ म्हणून वाचता येत नाही. बल्ब स्वतःही म्हातारा होतो. तारेतले टंगस्टन हळूहळू उडून काचेवर आतून काळी काजळी धरते. तो ‘चालतोय ना’ म्हणून वर्षानुवर्षे ठेवला जातो. नव्या बल्बची किंमत चहा-वड्याच्या बिलाएवढीच असते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे आकड्यांतून समजून घ्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रात्री गाडीचा मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. हा आकडा हवेतून आलेला नाही. मागची गाडी ताशी 100 किलोमीटरने येत असेल तर ती सेकंदाला जवळपास 28 मीटर अंतर कापते. पुढे बंद पडून उभी असलेली जुनी गाडी 155 मीटरवरून दिसली तर चालकाला साडेपाच सेकंद मिळतात. तीच पन्नास मीटरवर, म्हणजे त्याच्या लो बीमच्या उजेडात आल्यावरच दिसली तर दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि तेवढा वेळ तर दिसलेल्याचा अर्थ लागून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 4 लाख 61 हजारांवर अपघात झाले आणि 1 लाख 68 हजारांवर माणसे मेली. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या अपघातांत धडक मागून बसली होती. यात जुन्या गाड्यांचा वाटा किरकोळच असणार. रस्त्यावर त्या आहेतच किती? पण प्रश्न त्यांच्या संख्येचा नाही. आजच्या रस्त्यावर सावकाश चालणारी, जोडीला एअरबॅग किंवा क्रंपल झोन नसलेली गाडी मागून धडक खाते तेव्हा तिच्यातल्या माणसांना वाचवणारे काहीच नसते. तिचा बचाव एकच, तो म्हणजे वेळेत दिसणे.

यावर पहिला आक्षेप असा की हौशी मालक गाडी रविवारी सकाळी काढतो, रात्री नाही. पण हा आक्षेप ब्रेकलाइटपाशी लंगडा पडतो. ब्रेकलाइटची खरी परीक्षा दुपारच्या उन्हातच असते. काळोखात अशक्त दिवाही दिसतो, पण पश्चिमेकडे कलता सूर्य थेट काचेवर पडल्यावर लाल काच आणि पेटलेली लाल काच यांतला फरक ताकदीच्या बल्बखेरीज कळत नाही. शिवाय आपल्याकडे दिवसालाही अंधार पडतो. बोरघाटातला पावसाळी धुक्याचा पट्टा, बोगदे, आडव्या पावसाची सर ही काही सूर्यास्ताची वाट बघत नाहीत. आणि सकाळी निघालेली जुनी गाडी सकाळीच परत येईल याची हमी कार्बोरेटर देत नाही. गाडी वाटेत रुसली, मेकॅनिक यायला संध्याकाळ झाली, की जो दिवा ‘लागतच नाही’ म्हणून दुर्लक्षिला तोच लागतो. म्हणून विजेशिवाय काम करणारे लाल परावर्तक आणि डिकीत एक त्रिकोण हेही याच हिशेबात धरायला हवेत. बॅटरी बसली तरी ते मागच्याच्या हेडलाइटवर चमकतात.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : गाडीचे मूळपण जपायचे की नाही? तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण जुन्या गाड्यांची नासधूस करणाऱ्या ‘सुधारणा’ आपण भरपूर पाहिल्या आहेत. पण आतापर्यंत सांगितलेल्या कामांत मूळपणाला धक्का लावणारे एकही काम नाही. गंज काढणे, मुलामा परत देणे, योग्य वॅटचा बल्ब लावणे हे कारखान्याने जे दिले होते तेच परत मिळवणे आहे. उलट मंद दिवा हाच मूळपणाचा भंग आहे. त्याही पुढे जायचे, म्हणजे आत लाल एलईडी बसवायचे, तर त्याचाही मार्ग ठरलेला आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ याने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा आशय असा की ही वाहने चालवण्यासाठीच घडलेली आहेत, आणि आजच्या रस्त्यासाठी जे बदल अपरिहार्य ठरतील ते नजरेत न खुपणारे आणि पुन्हा काढता येण्याजोगे असावेत, काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. मूळ होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब या कसोटीला उतरतो. वायर कापावी लागत नाही, पत्र्याला भोक पडत नाही, काच तीच राहते आणि जुना बल्ब डबीत ठेवून हवा तेव्हा परत लावता येतो. मागच्या काचेच्या आतून अडकवायचा, रॅलीच्या दिवशी काढून ठेवता येईल असा तिसरा ब्रेकलाइटही याच जातीचा. अमेरिकेने 1986 च्या मॉडेलपासून मोटारींना तो सक्तीचा केला आणि पुढे तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने हिशेब मांडला तेव्हा मागून होणाऱ्या धडकांत त्याने 4.3 टक्के घट केल्याचे दिसले. टक्का लहान वाटतो, पण एवढ्याशा दिव्याच्या मानाने कमाई मोठी आहे.

दुसऱ्या टोकाला ‘एलईडी टाकला की विषय संपला’ म्हणणारे आहेत. त्यांनाही उत्तर द्यायला हवे, कारण घाईने टाकलेला एलईडी कधीकधी रोगापेक्षा औषध जालीम ठरतो. लाल काचेआड पांढरा एलईडी लावणे ही सर्वांत नेहमीची चूक. तारेच्या बल्बच्या प्रकाशात लाल भाग भरपूर असतो, तर पांढऱ्या एलईडीत तो तुटपुंजा असतो. काच उरलेले सारे गाळून टाकते आणि बाहेर फिकट गुलाबी उजेड येतो. लाल काचेला लाल एलईडीच हवा. एलईडीचे दाणे सगळे सरळ मागे बघणारे असतील तर परावर्तक उपाशी राहतो आणि दिवा नेमक्या मागच्यालाच दिसतो, तिरक्या रेषेत असलेल्याला नाही. बाजूंनाही दाणे असलेला बल्ब निवडावा. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे टेललाइट इतका प्रखर करणे की ब्रेक दाबल्याचे मागच्याला कळूच नये. मूळ बल्बमधला बारापटीचा फरक शोभेसाठी नव्हता. ‘गाडी आहे’ आणि ‘गाडी थांबते आहे’ हे दोन निरोप वेगळे वाचता यावेत म्हणून होता. बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेल्या जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत साधा एलईडी पेटतच नाही, आणि इंडिकेटरला एलईडी लावला की जुना फ्लॅशर एकतर गोंधळतो किंवा मुका होतो. जास्त वॅटचा बल्ब ठोकून देणे तर सर्वांत वाईट, कारण त्याच्या उष्णतेने आज न मिळणारी काच वितळते. हे सारे सांभाळून बसवलेल्या एलईडीचे फायदे खरे आहेत. तो करंट अगदी कमी खातो, त्यामुळे मंद इंजिनवर पुरेसे चार्जिंग न करणाऱ्या डायनॅमोला दिलासा मिळतो. शिवाय तार तापण्याची वाट बघावी लागत नसल्याने ब्रेकचा निरोप सुमारे 0.2 सेकंद आधी पोहोचतो. ताशी 100 किलोमीटरला हे साडेपाच मीटर होतात, म्हणजे एका मोठ्या मोटारीच्या लांबीहून जास्त. मात्र क्रम महत्त्वाचा : आधी अर्थिंग, मग परावर्तक आणि काच, सर्वांत शेवटी एलईडी. गंजलेल्या अर्थवर बसवलेला एलईडी आज चमकेल आणि पहिल्याच पावसाळ्यात दगा देईल.

तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनाच्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही आणि ते योग्यच आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हीए’ ही नोंदणीची वेगळी मालिका आणली. तिथेही गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. पण अर्थची वायर किंवा होल्डरमधला बल्ब यांनी यातले काहीच बदलत नाही. नियमाचे बोट दाखवायचे तर ते 155 मीटरच्या नियमाकडेच दाखवायला हवे. तो नवी-जुनी असा भेद करत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि आता उरल्या आहेत त्या प्रामुख्याने हौशी मालकांच्या हातात. त्यांतल्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाड्या पन्नाशीच्या आतल्या असल्याने ‘व्हीए’मध्ये बसत नाहीत. त्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओची पायरी चढावी लागते. हीच तपासणीची जागा आहे. दिवा ‘पेटतो’ एवढ्यावर शिक्का मारण्याऐवजी तो लांबून दिसतो का, ब्रेक दाबल्यावर स्पष्ट उजळतो का, एवढे दोन प्रश्न निरीक्षकाने विचारले तरी निम्मे काम होईल. त्याला यंत्र लागत नाही, गाडीच्या मागे काही पावले चालत जाण्याची तयारी लागते.

उरलेले काम हौशी मंडळींचे आहे, आणि ते त्यांनीच केलेले बरे, कारण सरकारने केले तर सरसकट होईल. रॅलीचे आयोजक रंग, आसने, इंजिन यांना गुण देतात. त्यांनी मागच्या दिव्यांची चाचणी ही गुणांची बाब न करता प्रवेशाची अट करावी : जिचा ब्रेकलाइट भर दुपारी दिसत नाही ती गाडी मैदानात उभी राहील, रस्त्यावर धावणार नाही. क्लबांनी एकत्र येऊन काचा आणि परावर्तक पुन्हा घडवून घेतले तर खर्च वाटला जाईल आणि ‘भाग मिळत नाहीत’ ही सबब निकालात निघेल. जुन्या गाड्यांविषयी समाजात आज कौतुक आहे, पण ते उसने आहे. अंधारात न दिसलेल्या एखाद्या गाडीवर कुणी दुचाकीस्वार आदळून मेला, तर ‘असली खटारी रस्त्यावर हवीतच कशाला’ हा प्रश्न सगळ्याच मालकांना विचारला जाईल आणि त्याला क्रोमचा बंपर दाखवून उत्तर देता येणार नाही. जुनी गाडी रस्त्यावर चालवण्याचा हक्क टिकवायचा असेल, तर मागून येणाऱ्याचा ती वेळेत दिसण्याचा हक्क आधी मान्य करावा लागेल.